रंगमंच घड्याळातला : नाट्य आणि ऑपेराशी नाते सांगणाऱ्या जुन्या घड्याळांचा संग्रह

तलासरी : डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तलासरीचा हा पट्टा चिकूच्या वाड्यांसाठी, वारली चित्रकलेसाठी आणि पारशी-इराणी वस्तीसाठी ओळखला जातो. पारशी समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे भारतातील पहिले वस्तीस्थान असलेले संजाण येथून हाकेच्या अंतरावर, गुजरातच्या हद्दीत आहे. या भागातील जुनी घरे आता झपाट्याने पाडली जात आहेत किंवा नव्याने बांधली जात आहेत. घर रिकामे करताना सागवानी कपाटे, झुलते बाक, चिनी मातीची भांडी यांना गिऱ्हाईक मिळते. भिंतीवरचे किंवा दिवाणखान्यातील फळीवरचे बंद पडलेले घड्याळ मात्र बहुधा पितळेच्या भावाने भंगारात जाते. त्या घड्याळावर तलवार उपसलेला सरदार, वीणा धरलेली तरुणी किंवा मुखवटा घातलेला विदूषक असेल, तर ती केवळ शोभेची बाहुली नसून एखाद्या गाजलेल्या नाटकातील वा ऑपेरातील पात्र असू शकते, याची कल्पना विकणाऱ्याला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत अशा नाट्यविषयक घड्याळांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो. त्यांचा इतिहास काय, ती ओळखावीत कशी, घेताना कोणती काळजी घ्यावी आणि घरात असतील तर ती जपावीत कशी, याचा हा आढावा.

नाट्यघड्याळ म्हणजे काय?

नाट्य आणि ऑपेराशी संबंध असलेल्या घड्याळांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार मूर्तीच्या घड्याळांचा. यात तबकडीच्या शेजारी किंवा माथ्यावर नाटकातील पात्राची धातूची मूर्ती असते. दुसरा प्रकार गाणाऱ्या घड्याळांचा. ठरावीक वेळी ती ऑपेरातील एखादी धून वाजवितात. तिसरा प्रकार चालत्या बाहुल्यांच्या घड्याळांचा. तास होताच दार उघडते, पात्र बाहेर येते, आपले काम करते आणि आत जाते. चौथा प्रकार प्रत्यक्ष नाट्यगृहासाठी किंवा जादूच्या रंगमंचासाठी घडविलेल्या घड्याळांचा. एकाच घड्याळात दोन-तीन प्रकार एकत्र येण्याचीही उदाहरणे आहेत.

मराठीतील 'घड्याळ' हा शब्द 'घटिका' या शब्दाच्या कुळातील आहे. पाण्यात तरंगणारे भोकाचे भांडे बुडायला लागणारी चोवीस मिनिटे म्हणजे एक घटका आणि अशा साठ घटकांचा एक दिवस. घटका भरली की ती टोल देऊन सांगण्याची प्रथा होती. वेळ ही डोळ्यांनी पाहण्यापेक्षा कानांनी ऐकण्याची गोष्ट होती. युरोपातील घड्याळांनी त्या आवाजाला संगीताची आणि अभिनयाची जोड दिली, असे म्हणता येईल.

मुंबईच्या मनोऱ्यावरील ऑपेरा

या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच, विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात उभे आहे. राजाबाई टॉवरची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा इंग्लंडमधील वास्तुशास्त्रज्ञ सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव मनोऱ्याला द्यावे, अशी अट घातली. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यातील घड्याळ एकेकाळी सोळा धुना वाजवीत असे आणि त्या दिवसातून चार वेळा बदलत.

त्या धुनांपैकी ज्यांची नावे आवर्जून सांगितली जातात, त्यांत 'रूल, ब्रिटानिया' आणि 'होम, स्वीट होम' या दोन आहेत. या दोन्ही धुना मुळात रंगभूमीवरील आहेत. पहिली धून थॉमस आर्न याने 'आल्फ्रेड' या संगीतनाट्यासाठी रचली. त्याचा पहिला प्रयोग १७४० मध्ये क्लिव्हडन येथे झाला. दुसरी धून हेन्री बिशप याच्या 'क्लारी' या ऑपेरातील असून तो ऑपेरा १८२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात प्रथम सादर झाला. त्याचे शब्द जॉन हॉवर्ड पेन या अमेरिकी नाटककाराचे. याशिवाय हँडेलची एक रचनाही या यादीत होती. म्हणजे मुंबईच्या मैदानावर हिंडणारा माणूस तिकीट न काढता ऑपेराचे संगीत ऐकत होता. आज या घड्याळातून दर पंधरा मिनिटांनी एकच धून ऐकू येते. धुना गेल्या की त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही कसा विस्मरणात जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पारशी रंगभूमी, 'ऑपेरा' आणि मराठी संगीत नाटक

'ऑपेरा' हा शब्द मुंबई इलाख्यात केवळ गोऱ्या साहेबांपुरता राहिला नव्हता. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात १८५३ मध्ये पारशी मंडळींनी नाटके करण्यास आरंभ केला. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांनीही त्याच वर्षी याच नाट्यगृहात आपले खेळ केले. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी गाण्यांनी भरलेल्या आपल्या खेळांना 'ऑपेरा' असेच नाव दिले. रंगविलेले पडदे, जमिनीतून वर येणारी पात्रे, आकाशातून उतरणाऱ्या पऱ्या अशी यांत्रिक करामत हे या नाटकांचे मोठे आकर्षण होते. पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा असा एक संगीत खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्कर यांना मराठीत तसे काही करण्याची प्रेरणा मिळाली, असे मराठी रंगभूमीच्या इतिहासात सांगितले जाते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढचे सर्वज्ञात आहे.

मुंबईत खास ऑपेरासाठी बांधलेले रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये बांधकाम पूर्ण होण्याआधीच पंचम जॉर्ज यांच्या हस्ते सुरू झाले. त्यामागे मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका ही जोडी होती. पुढे तेथे चित्रपट आले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले.

युरोप-अमेरिकेतील घड्याळे मुंबई बंदरात उतरत होती तो काळही हाच. गिरण्या, जहाजे आणि कापूस यांत पैसा मिळविलेल्या व्यापारी घरांत, वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत ती पोचली. ज्या घरात नाटकाचा शौक, त्या घरात नाटकातील पात्र असलेले घड्याळ असणे स्वाभाविक होते.

मूर्तीची घड्याळे : फ्रान्स ते अमेरिका

मूर्तीच्या घड्याळांची खरी भूमी फ्रान्स. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या कारागिरांनी कांस्यावर सोन्याचा मुलामा चढवून पुराणकथा, कादंबऱ्या आणि नाटके यांतील प्रसंग घड्याळांवर उभे केले. 'पॉल आणि व्हर्जिनी' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. बेर्नार्दां द सें-पिएर याची ही कादंबरी १७८८ मधील. क्रॉयट्झर याने १७९१ मध्ये तिच्यावर ऑपेरा केला आणि पुढच्या काळात ही जोडी घड्याळांवर अनेकदा अवतरली. गुनो याचा 'फाउस्ट' हा ऑपेरा १८५९ मध्ये पॅरिसला आल्यानंतर फाउस्ट, मार्गारीट आणि सैतान मेफिस्टोफिलीस ही पात्रेही दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूंवर रूढ झाली.

सोन्याचा मुलामा दिलेले कांस्य सर्वांनाच परवडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम करून त्यावर कांस्यासारखा रंग चढविण्याची पद्धत रुळली आणि मूर्तीचे घड्याळ मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. अमेरिकेतील अ‍ॅन्सोनिया क्लॉक कंपनी यात आघाडीवर होती. कनेटिकट राज्यात १८५१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने पुढे ब्रुकलिनमध्ये कारखाना उभारला. तिच्या मूर्तींत शेक्सपिअर होता, तसाच 'डॉन सीझर'ही होता. हे पात्र मुळात व्हिक्टर ह्यूगो याच्या 'रुई ब्ला' या १८३८ मधील नाटकातील. त्यावरून वॉलेस याचा 'मारिटाना' (१८४५) आणि मासने याचा 'डॉन सेझार द बाझां' (१८७२) हे ऑपेरा झाले. डॉन सीझरच्या जोडीला अनेकदा डॉन हुआन असतो, ज्याच्या कथेवर मोझार्टचा 'डॉन जोव्हानी' (१७८७) उभा आहे. दोन तलवारबहाद्दर आणि मध्ये तबकडी अशी रचना असलेले घड्याळ पाहिले की अ‍ॅन्सोनियाची शक्यता तपासावी. १९२९ मध्ये या कंपनीची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली आणि तेथील घड्याळ उद्योगाचा पाया घालण्यास ती उपयोगी पडली.

गाणारी घड्याळे

घड्याळातून ऑपेराची धून वाजविण्याची कल्पना याहून जुनी आहे. लंडनचा घड्याळजी चार्ल्स क्ले याने १७३० च्या दशकात भव्य संगीत घड्याळे केली. त्यांच्यासाठी हँडेलने धुना दिल्या. त्यांपैकी काही त्याच्याच ऑपेरांतील गीतांवरून घेतलेल्या होत्या. ऑस्ट्रियात बासरीच्या नळ्या बसविलेली घड्याळे होत. हायडनने अशा घड्याळांसाठी छोट्या रचना केल्या. मोझार्टनेही १७९०-९१ मध्ये व्हिएन्नातील एका संग्रहालयाच्या यांत्रिक वाद्यासाठी तीन रचना लिहिल्या.

घरगुती संगीत घड्याळातील यंत्रणा समजण्यास सोपी आहे. पितळी दंडगोलावर हजारो बारीक खुंट्या असतात. दंडगोल फिरू लागला की खुंट्या पोलादी फणीचे दाते छेडतात आणि सूर उमटतो. दंडगोल बाजूला किंचित सरकला की खुंट्यांची दुसरी रांग फणीखाली येते आणि दुसरी धून सुरू होते. वेग आवरण्यासाठी शेवटी एक छोटा पंखा असतो. हा पंखा काढला किंवा मोडला आणि कमानीत चावीचा जोर शिल्लक असला, तर दंडगोल भरधाव फिरतो, खुंट्या वाकतात आणि फणीचे दाते तुटतात. अशा एका अपघातात शंभर-सव्वाशे वर्षांचे वाद्य काही सेकंदांत निकामी होते. म्हणून बंद पडलेले संगीत घड्याळ घरच्या घरी उघडू नये, हा पहिला नियम.

दार उघडते, पात्र येते

चालत्या बाहुल्यांच्या घड्याळांतील सर्वांत परिचित प्रकार म्हणजे जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील कुक्कू घड्याळ. दोन छोट्या भात्यांतून हवा फुंकली जाते आणि पक्ष्याची दोन सुरांची साद ऐकू येते. त्याच भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तुतारीवाल्यांची घड्याळे होऊ लागली. तासाला दार उघडून गणवेशातील वादक बाहेर येतात आणि आतील नळ्यांतून तुतारीची धून वाजते. पुढे १८८४ मध्ये लाइपझिग येथे नेसलर याचा 'सॅकिंगेनचा तुतारीवाला' हा ऑपेरा आला आणि जर्मन रंगभूमीवर अतिशय लोकप्रिय ठरला. घड्याळातील वादकाला रंगभूमीवर जुळा भाऊ मिळाला, असे गमतीने म्हणता येईल.

भारतात अशा घड्याळाचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. मराठवाड्यातील शाळांच्या सहलींना ते चांगलेच ठाऊक असते. कोलकात्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे हे घड्याळ साडेतीनशेच्या आसपास भागांचे आहे. एक लोहार हातोडा मारत सेकंद मोजतो. तास भरण्याच्या काही मिनिटे आधी दाढीवाली छोटी आकृती दारातून बाहेर येते, घंटेवर टोल देते आणि परत जाते. ते पाहण्यासाठी प्रेक्षक आधीपासून जागा धरून बसतात. नाटक सुरू होण्यापूर्वी प्रेक्षागृहात जशी चुळबुळ असते, तशीच ती तेथेही असते.

युरोपात हा खेळ चौकाचौकांत चालतो. प्रागच्या १४१० मधील खगोलीय घड्याळात आज तासागणिक प्रेषितांच्या मूर्ती खिडकीतून जातात. व्हिएन्नाच्या अँकर घड्याळात दुपारी बारा वाजता बारा ऐतिहासिक व्यक्तिरेखा संगीताच्या साथीने ओळीने सरकतात आणि त्यांतील शेवटची आकृती संगीतकार हायडन याची आहे. लंडनच्या जेम्स कॉक्स याने तर १७७२ मध्ये यांत्रिक घड्याळे आणि बाहुल्या यांचे तिकीट लावून प्रदर्शनच मांडले. त्याचा प्रसिद्ध मोर रशियातील हर्मिटाज संग्रहालयात असून तो आजही पिसारा फुलवू शकतो.

नाट्यगृहातील आणि जादूगाराची घड्याळे

ड्रेस्डेन येथे १८४१ मध्ये उघडलेल्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या माथ्यावर एक वेगळेच घड्याळ बसविण्यात आले. राजदरबाराचे घड्याळजी गुटकेस यांनी ते घडविले आणि फर्डिनांड आडोल्फ लांगे याने त्यात हात दिला. काट्यांऐवजी त्यात दोन चौकटी होत्या. एकीत रोमन अंकांत तास आणि दुसरीत दर पाच मिनिटांनी बदलणारा आकडा. अंधाऱ्या सभागृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही ते वाचता येत असे. त्याकाळी खिशातील घड्याळे कळ दाबली की टोल देत. प्रयोग चालू असताना होणारा तो किणकिणाट थांबावा, हाही त्यामागे हेतू होता असे सांगतात. १८६९ च्या आगीत ते घड्याळ जळाले. १८७८ च्या नव्या इमारतीत तसेच दुसरे बसविण्यात आले. लांगेच्या नावाने चालणारी कंपनी आज मनगटी घड्याळांत तारखेसाठी जी मोठी दुहेरी चौकट वापरते, तिचे मूळ या घड्याळात आहे.

फ्रान्सचा झां-यूजेन रोबेर-हूदां (१८०५-१८७१) हा तर घड्याळजी आणि जादूगार दोन्ही होता. १८४५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये जादूचे स्वतःचे नाट्यगृह काढले. पारदर्शक काचेच्या तबकडीवर कोणत्याही आधाराविना काटा फिरतो, असे त्याचे 'गूढ घड्याळ' प्रसिद्ध आहे. त्यातील युक्ती अशी की काटा ज्या काचेला चिकटलेला आहे, ती संपूर्ण काचच फिरते. तिच्या कडेचे धातूचे दाते चौकटीत लपलेले असतात. हेच नाट्यगृह १८८८ मध्ये जॉर्ज मेलिएस याने विकत घेतले आणि पुढे तो चित्रपटसृष्टीचा एक आद्य किमयागार ठरला.

खरे-खोटे कसे ओळखावे?

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा लिलावात 'अँटिक' म्हणून विकले जाणारे प्रत्येक घड्याळ जुने असतेच असे नाही. फ्रेंच घड्याळांच्या नव्या नकला मोठ्या प्रमाणावर होतात. घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

धातू : मूर्तीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी रंग उडालेला भाग शोधावा. आतून पिवळसर तांबूस धातू दिसला तर कांस्य किंवा पितळ. पांढुरका करडा दिसला तर जस्ताचे ओतकाम. जस्ताची मूर्ती खोटी असते असे नाही. अ‍ॅन्सोनियाच्या अस्सल मूर्तीही अशाच आहेत. मात्र जस्ताला कांस्याची किंमत देऊ नये.

यंत्र : मागील पत्र्यावरील शिक्का वाचावा. जापी फ्रेर, व्हिन्सेंटी यांसारख्या फ्रेंच उत्पादकांच्या यंत्रांवर प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे वर्ष कोरलेले असते. ते वर्ष पदकाचे असते, घड्याळ बनविल्याचे नव्हे. घड्याळ त्या वर्षानंतरचे आहे, एवढेच त्यावरून ठरते. अमेरिकी यंत्रांवरील पेटंटच्या तारखेलाही हाच न्याय लावावा.

देशाचे नाव : अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव छापणे १८९१ पासून बंधनकारक झाले. त्यामुळे इंग्रजीत देशाचे नाव असलेले यंत्र बहुधा त्यानंतरचे असते.

लंबकाची टांगणी : जुन्या फ्रेंच घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा पोलादी पातळ पट्टीने घेतली.

जोडकाम : एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची मूर्ती आणि तिसऱ्याची बैठक एकत्र करून विकणे हा या व्यवसायातील सर्वांत जुना खेळ. रिकामी भोके, न जुळणारे स्क्रू, तबकडीभोवती राहिलेली फट आणि चावीच्या भोकासमोर न येणारा यंत्राचा खुंट या खुणा त्याचा भेद उघड करतात.

पात्राची ओळख : विक्रेता सांगेल ते नाव लगेच स्वीकारू नये. पोशाख, हत्यार, वाद्य आणि बैठकीवरील उठावचित्रे यांवरून पात्र ठरते. हातात कवटी असलेला तरुण हॅम्लेट असू शकतो. पण वीणा धरलेली प्रत्येक स्त्री ऑपेरातील नायिका नसते, ती संगीताची देवताही असू शकते.

समुद्राची हवा आणि पावसाळा

डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा हे जुन्या घड्याळांचे मोठे शत्रू. पोलादी कमान व खुंट गंजतात, लाकडी पेटीवरील पातळ थर सुटतो, भात्यांचे कातडे व कागद बुरशीने खराब होतात. तलासरी किनाऱ्यापासून आत असली तरी पावसाळ्यातील दमट हवा तेथेही चुकत नाही. बाहेरच्या ओलसर भिंतीवर, स्वयंपाकघराजवळ किंवा समुद्राकडील खिडकीसमोर घड्याळ ठेवू नये. पावसाळ्यात काचेच्या पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

सर्वाधिक नुकसान मात्र हवेने नव्हे, तर स्वच्छतेच्या उत्साहाने होते. भांडी घासण्याची पावडर, चिंच, लिंबू किंवा पितळ उजळण्याचे द्रव्य मुलाम्यावर लावले, की सोन्याचा पातळ थर निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे एवढेच घरी करावे. यंत्रात खोबरेल, रॉकेल किंवा शिवणयंत्राचे तेल सोडू नये. खोबरेल थंडीत गोठते, इतर तेले धूळ धरून चिकट होतात आणि खुंटांची भोके झिजतात. घड्याळाचे खास तेल, तेही ठरावीक ठिकाणी थेंबभर, हे जाणकार घड्याळजीचे काम आहे.

काटे नेहमी पुढच्या दिशेने फिरवावेत आणि प्रत्येक ठोक्यापाशी थांबून ठोके पूर्ण होऊ द्यावेत. घड्याळ हलविण्यापूर्वी लंबक काढून वेगळा गुंडाळावा. बसविल्यानंतर 'टिक' आणि 'टॉक' यांतील अंतर सारखे ऐकू येत नसेल, तर बैठक समतल नाही असे समजावे. अंधारात चमकणारे आकडे असलेल्या, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घड्याळांत रेडियमयुक्त रंग असू शकतो. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, कारण रेडियमचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सोळाशे वर्षे लागतात. अशी तबकडी खरवडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७६ पासून अमलात आला. कला, कारागिरी किंवा विज्ञान यांची साक्ष देणारी, शंभर वर्षांहून जुनी वस्तू या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातील नातेवाइकांना आजोबांचे घड्याळ भेट म्हणून पाठविण्याचा विचार असेल, तर वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे. विमानतळावर अडकलेली वस्तू सोडविणे त्याहून कितीतरी कठीण असते.

संग्रह म्हणजे नोंद

संग्रह म्हणजे वस्तूंचा ढीग नव्हे, हे महाराष्ट्राला शिकविले ते पुण्याच्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी. चष्म्याचे दुकान चालविणाऱ्या या कवीने दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू गावोगाव फिरून जमविल्या आणि १९७५ मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. इतरांना जे टाकाऊ वाटले, त्यात त्यांनी कारागीर पाहिला. नाट्यघड्याळांच्या संग्राहकाला हाच धडा उपयोगी आहे.

प्रत्येक घड्याळाची वही ठेवावी. उंची, रुंदी, वजन, शिक्के, क्रमांक, पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या आत कोरलेल्या तारखा आणि घरात ते कोणी, केव्हा, कोठून आणले याची माहिती तीत असावी. अनेक घड्याळजी यंत्राच्या मागे आपले नाव व दुरुस्तीची तारीख बारीक अक्षरांत कोरत असत. ती खरवडून काढू नये, कारण तो त्या घड्याळाचा चरित्रग्रंथ आहे. घड्याळ वाजत असेल, तर दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याची धून भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावी. धून ओळखता आली की ऑपेरा कळतो आणि ऑपेराच्या वर्षावरून घड्याळ कोणत्या काळानंतरचे असावे, याचा अंदाज बांधता येतो. मुद्रण असेल तर तुटलेल्या दात्याचा सूर कोणता होता, हेही कारागिराला सांगता येते.

वारली चित्रांची तबकडी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्याने या विषयात स्वतःची एक भर घातली आहे. तारपा वाजविणारा वादक मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नर्तकांची वळत जाणारी साखळी, हे वारली चित्रकलेतील सर्वांत परिचित दृश्य. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ही कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. गोल तबकडीवर हे गोल नृत्य सहज बसते. त्यामुळे वारली चित्रांची भिंतीवरील घड्याळे हस्तकलेच्या दुकानांत आता सर्रास दिसतात.

ही घड्याळे पुरावस्तू नाहीत आणि त्यांची यंत्रे बॅटरीवर चालणारी, साधी असतात. तरीही येथे संग्राहकाने एक भेद करावा. कारखान्यात छापलेली तबकडी आणि चित्रकाराने हाताने रंगविलेली तबकडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीच्या मागे चित्रकाराचे नाव, पाडा आणि वर्ष लिहून घ्यावे. पॅरिस आणि ब्रुकलिनच्या घड्याळांवर कंपनीचा शिक्का सापडतो, पण मूर्ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव क्वचितच मिळते. तारप्याच्या तबकडीबाबत ती उणीव आजच, खरेदीच्या वेळीच, भरून काढता येण्यासारखी आहे.